फ्रीलान्स बिलं, टीडीएस आणि अडकलेली पेमेंट्स

तुम्ही विचारलंय की लोगो-ब्रोशरची कामं घेता, बिल बनवायला कुठलं अ‍ॅप चांगलं, आणि तीन क्लायंटकडे पैसे अडकलेत त्याचं काय करायचं. मी पुण्यात बरीच वर्षं फ्रीलान्स डिझाइन करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅपचं सोडा, महिन्याला पाच-सहा बिलं असतील तर गूगल शीट पुरते. खरी अडचण ही असते की काम देणारा माणूस वेगळा आणि पैसे सोडणारा वेगळा. मार्केटिंगवाल्या मॅडम "हो हो, पाठवलंय अकाउंट्सला" म्हणतात आणि बिल त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडलेलं असतं. म्हणून काम सुरू होतानाच तीन गोष्टी विचारून घ्या, अकाउंट्स कोण बघतं आणि त्यांचा ईमेल काय, पीओ (कामाची लेखी ऑर्डर, पर्चेस ऑर्डर) लागतो का, आणि पेमेंट महिन्यातून कधी निघतात. बऱ्याच कंपन्यांत ठराविक तारखेलाच पेमेंट निघतात आणि बिल त्याआधी एंट्रीला गेलं नाही तर थेट पुढचा महिना. वेंडर रजिस्ट्रेशन, पॅन, कॅन्सल्ड चेक हेही तेव्हाच देऊन टाका. पॅन दिला नाही तर टीडीएस, म्हणजे क्लायंट तुमच्या बिलातून आधीच कापून सरकारला भरतो तो इन्कम टॅक्स, 20 टक्के कापतात.

बिलावर नंबर सलग ठेवा, आणि "ड्यू डेट" म्हणून सरळ तारीख लिहा. नुसतं "30 दिवस" लिहिलं की ते कधीपासून मोजायचे यावर वाद होतो, बिलाच्या तारखेपासून की त्यांना मिळाल्यापासून. जीएसटी नंबर नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही, सर्व्हिससाठी साधारण 20 लाखांच्या टर्नओव्हरपर्यंत रजिस्ट्रेशन लागत नाही. नंबर असेल तर एक लक्षात ठेवा, टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटी लावलेलं पक्कं बिल, काढलं की क्लायंटने पैसे देवोत न देवोत, जीएसटी तुम्हाला भरावा लागतो. म्हणून अ‍ॅडव्हान्स मागताना आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवतात.

आता शीट. बिल नंबर, क्लायंट, बिलाची तारीख, ड्यू डेट, रक्कम, कापलेला टीडीएस, बँकेत आलेले, कधी आले, यूटीआर (बँक व्यवहाराचा नंबर), एवढे कॉलम बास. टीडीएसचा कॉलम मात्र वेगळाच पाहिजे. समजा 60,000 चं बिल दिलं आणि बँकेत 54,000 आले, तर 6,000 कुठे गेले हे तेव्हाच लिहून ठेवायचं, नाहीतर मार्चमध्ये बँक स्टेटमेंट घेऊन बसलात की एकही आकडा बिलाशी जुळत नाही. कोणी 10 टक्के कापतं, कोणी 2, कोणी काँट्रॅक्ट धरून 1, त्यामुळे इन्कम टॅक्सच्या कुठल्या सेक्शनखाली कापलाय ते विचाराच. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो, यात अकाउंट्सवाले बऱ्याचदा गडबड करतात.

आणि कापला म्हणजे भरला असं नाही! क्लायंटचं टीडीएस रिटर्न तिमाहीनंतर जातं, एप्रिल ते जूनचं 31 जुलैपर्यंत, म्हणून ऑगस्टमध्ये 26 एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचं स्टेटमेंट, इन्कम टॅक्सच्या साइटवर मिळतं) उघडून शीटशी ताडून बघा. दिसत नसेल तर लगेच मेल टाका. वर्षभराने मागायला गेलात तर तिथला अकाउंटंटच बदललेला असतो, मग कोणाला धरणार.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारी नोंदणी, करून घ्या, अगदी आजच. सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्सची तरतूद आहे, सीए लोक तिला 43 बी एच म्हणतात, मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे उद्यम नंबर बिलावर छापलेला असला की मार्च एन्डला अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. पण नोंदणी काम घ्यायच्या आधीची हवी, नंतर केली तर आधीच्या बिलांना फायदा मिळेल असं धरून चालू नका.

अडकलेल्या तिघांपैकी ज्या एजन्सीचं "आमच्या क्लायंटकडून आले की देतो" चाललंय, तिच्याकडे आधी लक्ष द्या. त्यांचा क्लायंट तुमचा क्लायंट नाही, हे मेलवर स्पष्ट लिहा, फोनवर नको. "बिल क्रमांक अमुक, रक्कम इतकी, ड्यू डेट तमुक तारखेला होऊन गेली, पेमेंटची तारीख कळवा" एवढंच, अकाउंट्सला आणि काम देणाऱ्याला दोघांनाही एकाच मेलमध्ये. दर आठवड्याला त्याच मेलवर रिप्लाय करत राहायचं म्हणजे सगळा इतिहास एका जागी राहतो, पुढे अडकलेल्या पेमेंटची एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद लागतो. आणि जुनं बिल सुटेपर्यंत त्यांचं दिवाळीचं काम घेऊ नका, घ्यायचंच असेल तर अर्धे पैसे आधी आणि ओपन फाइल्स (एडिट करता येणाऱ्या मूळ फाइल्स) बाकीचे पैसे मिळाल्यावरच.