आचाऱ्यांचे व्याख्यान आणि लाल रेघ

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेत ‘आचार्यांचे व्याख्यान’ऐवजी ‘आचाऱ्यांचे व्याख्यान’ छापलं गेलं. पाहुण्यांनी हसून घेतलं, पण आमची मान खाली गेली ती गेलीच. संगणकानं त्या शब्दाखाली लाल रेघ मारली नव्हती. उलट ‘दऱ्याखोऱ्यांत’ या बरोबर शब्दाखाली मारली. चूक कोणाची मानायची?
– एक कार्यवाह, सांगली

उत्तर : पहिल्या शब्दात तरी संगणकाची नाही. ‘आचाऱ्यांचे’ हा शब्द शुद्धच आहे, फक्त स्वयंपाकघरातला आहे. आचारी–आचाऱ्यांचे, आचार्य–आचार्यांचे. साधा स्पेलचेकर सुटा शब्द उचलतो आणि आपल्या यादीशी ताडून पाहतो. पाहुणे वेदान्तावर बोलणार की बासुंदीवर, हे त्याला कसं कळावं? १ मेच्या फलकांवर ‘महाराष्ट्र दीन’ चढतो तोही असाच. दीन म्हणजे बापुडवाणा, पण शब्द निर्दोष. मग रेघ कशाला येईल?

इथे डोळ्यांपेक्षा कानावर भिस्त ठेवा. ‘सूर्याला’ आणि ‘वाऱ्याला’ पाठोपाठ मोठ्यानं म्हणा. ‘सू’वर आघात येतो, म्हणून रफार. ‘वा’वर येत नाही, म्हणून ऱ्य. किंवा मूळ शब्दाकडे जा : आचारी, दरी, वारा, शेतकरी. यांत री-रा सुटे आहेत, जोडाक्षर होतं ते सामान्यरूपात किंवा अनेकवचनात.

आता ‘दऱ्याखोऱ्यांत’. मी मुद्रितं तपासायला लागलो तेव्हा छपाईला अक्षरांचे खिळे होते. हा अर्धा ऱ जुळारी वेगळा उचलायचा, आणि कागदावर दिसला की विषय संपला. संगणकात तसं नाही. तिथे हाच आकार दोन वाटांनी उमटतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, ऱ ला ०९३१ हा स्वतःचा क्रमांक आहे. तो घेऊन पाय मोडा, ही एक वाट. दुसरी वाट म्हणजे नेहमीचा र (०९३०), हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण यादीत एकच रूप असेल तर दुसरं संगणकाला परकं वाटतं. शोध घेतानाही असे शब्द निसटतात.

तो शब्द खोडून नव्यानं टाइप करा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘जे’च्या कळीवर र आहे, शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ऱ. रेघ गेली तर दुखणं हेच होतं. नाही गेली तर तो जोडशब्द यादीतच नसेल. शब्दकोशात घाला आणि पुढच्या कामाला लागा.

प्रश्न : ‘कर्तृत्त्वाला महत्व द्या’ हे वाक्य बरोबर आहे ना?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : महत् + त्व, म्हणजे महत्त्व. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व हेही तसेच, कारण मूळ शब्दाच्या शेवटी त् आहेच. कर्तृ, नेतृ, मातृ यांच्या शेवटी तो नाही, म्हणून कर्तृत्व, नेतृत्व, मातृत्व. तुमच्या वाक्यात त ची एकूण संख्या बरोबर आहे. मी ‘कर्तृत्त्वा’तला एक उचलून ‘महत्वा’ला दिला आहे.