डॉक्टरांना विचारा : घरातले न दिसणारे धोके

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. परवा मुलगा अंघोळ करून आला आणि गरगरतंय म्हणत मटकन खाली बसला. पित्त असेल का? (राजारामपुरी)

पित्त म्हणून सोडून देऊ नका. त्याला डॉक्टरांना दाखवा आणि गिझर आजच बंद करा. कोंडलेल्या जागेत गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्टपणे त्याला धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग कडी काढायचंही बळ उरत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवू शकतं, त्याच्यावर विसंबू नका. थंडी वाजते म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेली बाथरूम मी पाहिली आहेत, तेव्हा पोटात गोळा येतो. गिझर बाहेर मोकळ्या जागी बसवून घ्या, पाइपनं पाणी आत आणा.

प्रश्न : 2021 च्या पुरात घरात पाणी होतं. दर दिवाळीला रंग देतो, तरी पावसाळ्यात भिंत काळी पडते. सुनेचा दमा वाढलाय. (शुक्रवार पेठ)

ते काळं म्हणजे बुरशी. दिवाळीत भिंत पावसाळ्याची ओल धरून असते आणि तुम्ही ती ओल रंगाखाली कोंडता. यंदा काम मे महिन्यात काढा. फुगलेला गिलावा खरवडा, भिंत पुरती वाळू द्या, मगच नवा गिलावा आणि रंग. तोवर डाग साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्या झाडूनं झाडलंत तर बुरशीचे कण घरभर उडतील. हे काम सूनबाईंना सांगू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, त्याच्या मागेच सगळ्यात जास्त सापडेल.

प्रश्न : वाड्याचे जुने दरवाजे घासून रंगवायचेत. घरात दोन वर्षांचा नातू आहे. (मंगळवार पेठ)

काम संपून घर पुसून होईपर्यंत नातवाला आजोळी पाठवा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमचा रंग त्याआधीचा. लहान मुलाच्या मेंदूला थोडंसं शिसंही बाधतं. पाणी मारून घासायला सांगा, रंग जाळून काढू देऊ नका.

प्रश्न : खिडक्या लावून रात्रभर डासांची कॉइल लावतो. चालेल? (कसबा बावडा)

नाही. मच्छरदाणी लावा.