जूनमधला मृग आकाशात का दिसत नाही?

प्रिय चिऊ,

आजी फोनवर म्हणाली, "मृग लागला," आणि तू त्याच रात्री गॅलरीत जाऊन तो शोधलास. सापडला नाही म्हणून विचारलंस, की 'लागला' म्हणजे नक्की काय झालं? अगं, जूनमध्ये मृग कुणालाच दिसत नाही, आजीलासुद्धा नाही.

सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो. एकेकाच्या वाट्याला १३-१४ दिवस येतात. ७ किंवा ८ जूनला तो मृगात शिरतो, त्यालाच मृग लागला म्हणायचं. सूर्य जिथे, तिथले तारे त्याच्याबरोबरच उगवणार नि मावळणार, मग दिसतील कसे? शेतकऱ्याला तारे बघायचे नसतातच, त्याला पेरणीचा हिशेब हवा असतो. २१-२२ जूनला आर्द्रा लागल्या की तो हिशेब पुढे सरकतो.

साधारण सहा महिन्यांनी सूर्य पलीकडे जातो आणि पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षापाशी येतो. त्या महिन्याचं नाव मार्गशीर्ष.

मृग म्हणजे हरीण हे तुला ठाऊक आहे. संस्कृतात मात्र आधी कुठलंही रानटी जनावर मृगच होतं. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया.

आता बघायचं कसं ते. जानेवारीत, रात्री नऊच्या सुमारास, अमावास्येच्या आसपास दक्षिणेकडे तोंड कर. एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर तीन तारे दिसतील. तो हरणाच्या पोटात घुसलेला बाण. त्याच्याभोवतीचे चार ठळक तारे म्हणजे चार पाय. वरच्या दोन पायांच्या मधोमध, जरा वर, तीन बारीक ताऱ्यांचा पुंजका आहे. ते डोकं, म्हणजेच मृगशीर्ष. शहराच्या उजेडात ते बुडून जातं. तेव्हा दिसलं नाही तर चष्म्याचा नंबर वाढला असं समजू नकोस! बाणाची रेघ डावीकडे खाली वाढवलीस की व्याध, बाण मारणारा शिकारी. तीच रेघ उजवीकडे वर नेलीस की लालसर रोहिणी. रोहिणी या शब्दाचा अर्थही तांबडी असाच आहे.

फोनवरच्या ॲपमध्ये याच जागी ओरायन नावाचा शिकारी काढलेला असेल आणि व्याधाच्या जागी त्याचा कुत्रा. म्हणजे ग्रीकांचा शिकारी ती आपली शिकार, आणि त्यांचा कुत्रा तो आपला शिकारी. तारे मात्र तेच. मला आपलंच चित्र जास्त पटतं, कारण त्यात बाणाची रेघ थेट मारणाऱ्यापर्यंत पोचते.

वरच्या डाव्या पायाचा तांबूस तारा म्हणजे काक्षी, इंग्रजीत बीटलजूस. अरबीत ते होतं 'यद अल-जौझा', जौझाचा हात. जौझा हे याच ताऱ्यांच्या आकृतीचं अरबी नाव. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'खाली दोन टिंबं असतात, 'ब'खाली एक. बाकी आकार सारखाच. लॅटिनमध्ये नेताना 'य'चा 'ब' वाचला गेला आणि हाताचा अर्थच हरवला.

व्याध क्षितिजाजवळ असताना लाल-हिरवा-निळा असा लुकलुकतो. त्याला विमान समजू नकोस. पाच मिनिटं थांबून बघ, विमान असेल तर तोवर निघून गेलेलं असेल.

तुझी,
आई