एवढी फी भरून मुलगी डीटीपीच करणार का?

पत्र : इस्लामपूरला माझा छोटा छापखाना आहे. वडील शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी ऑफसेट आणलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल ही आमची कामं. मुलगी पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'एक्स्प्रेसिव्ह टायपोग्राफी', म्हणजे अक्षरांच्या रूपातूनच अर्थ दाखवणं, आणि मासिकाची पानं लावणं यात ती रमलीय. सुट्टीत तिची पानं पाहिली. अक्षरं तुटलेली, मजकूर डोळ्यांना टोचणारा. बोललो तर म्हणते, प्रत्येक गोष्ट वाचता आलीच पाहिजे असं नाही, आणि कुणा अमेरिकन कार्सनचं नाव सांगते. आमच्याकडे डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावणं, बारावी झालेला मुलगा करतो. मग ही वेगळं काय करणार? सोबत तिची दोन पानं पाठवतोय.

उत्तर : नमस्कार,

पानं दोन दिवस माझ्या टेबलावर होती, येताजाता पाहत होतो. दुष्काळावरच्या कथेचं शीर्षक आहे 'तडा'. तुमच्या मुलीने 'त' आणि 'डा' यांच्यामधली शिरोरेघ तोडलीय आणि 'डा' थोडा खाली सरकवलाय. बस्स, एवढंच. ना भेगाळलेल्या जमिनीचा फोटो, ना सुकलेलं झाड. रोमन लिपीत ही गंमत जमली नसती, कारण तिथली छापील अक्षरं मुळातच सुटी असतात. आपली अक्षरं एका रेघेला लोंबकळतात, म्हणून ती रेघ तुटली की काळजात लक्कन होतं. हे तुमच्याकडचा बारावीवाला मुलगा करणार नाही. त्याचा दोष नाही, त्याला कुणी कथा वाचायला दिलेली नसते. तिने ती वाचलीय. वेगळं काय करणार, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या शीर्षकात आहे.

आता तिच्या बाजूने बोलून झालं, तुमच्या बाजूने बोलतो.

त्याच पानावरचा मजकूर तिने वाईट लावलाय. १० पॉइंटच्या अक्षराला १२ चं लेडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअर आपणहून देतं तेवढंच ठेवलंय. इंग्रजीला ते चालून जातं; आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. पंधराचं करून बघायला सांगा, पान श्वास घेईल. तुमच्या वडिलांनी दोन ओळींत शिशाची पट्टी सरकवताना हे हातानेच ओळखलं असतं. लेडिंग हा शब्द त्या शिशावरूनच आलाय, हे तिला ठाऊक असेल; तिचे आजोबा तेच करायचे, हे कदाचित सुचलं नसेल.

दुसरं, अरुंद कॉलम दोन्ही कडांना भिडवायच्या नादात तिने अक्षरांमधली जागा ताणलीय. परिणाम काय? ओळीओळीत शिरोरेघ जागोजागी तुटलीय. म्हणजे जो तडा शीर्षकात एकदाच जायला हवा होता, तो खाली शंभर ठिकाणी गेला आणि शीर्षकाची किंमत गेली. या एका चुकीवर तिला तासभर बसवा. कॉलम रुंद कर, नाहीतर उजवी कड मोकळी सोड, पण अक्षरं ताणू नकोस, असं सांगा.

तिसरं तुम्हालाच आधी दिसलं असेल. 'वाऱ्याने'चं 'वार्याने' झालंय, दोनदा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हे हमखास होतं. ल आणि श हिंदी वळणाचे आलेत, तेही भाषा 'मराठी' न निवडल्यामुळे असावं. फॉन्टमध्ये सोय असेल तर तेवढ्याने वळण बदलतं. हे कॉलेजात कितपत शिकवतात यावर मी इथे बोलत नाही, पत्र लांबेल.

राहिले कार्सन. डेव्हिड कार्सन या ग्राफिक डिझायनरने १९९४ मध्ये 'रे गन' या संगीतविषयक मासिकात ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून चक्क चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली, झॅफ डिंगबॅट्समध्ये. एक शब्दही वाचता येईना. मुलं हा किस्सा इथवरच सांगतात. त्याच अंकात मागे ती मुलाखत वाचता येईल अशी पुन्हा छापली होती. आणि मुलाखत कंटाळवाणी आहे हे ठरवायला ती आधी वाचावी लागली होती, हेही आहेच.

आपल्याकडचं नाव हवं असेल तर नाटकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे. ते २०२० मध्ये गेले. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. नाटक विनोदी की गंभीर हे नावाच्या वळणावरूनच कळायचं, आणि नाव वाचताना कुणी अडखळत नसे. र. कृ. जोशींचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट तर तुमच्या प्रेसच्या संगणकावरही असेल. विंडोजबरोबर तो घरोघरी पोचला. कॅलिग्राफी करणाऱ्याच माणसाने तो घडवला.

कामाचं आणि पैशाचं स्पष्ट सांगतो. फक्त मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक यांवर घर चालवणं कठीण आहे. अंकांचं काम पावसाळ्यात तुंबतं, दिवाळीनंतर शुकशुकाट. पण देवनागरी नीट लावू शकणारा माणूस वर्तमानपत्राच्या डिझाइन विभागाला लागतो, जाहिरात संस्थेला लागतो, मालिका-चित्रपटांच्या शीर्षकांना लागतो, मराठीत येणाऱ्या अ‍ॅपला लागतो. अक्षरं घडवण्याकडे ओढा असेल तर मुंबईत 'एक टाइप' ही फॉन्ट घडवणारी संस्था आहे. त्यांचे 'मुक्त', 'बलू', 'मोदक' हे फॉन्ट फुकट मिळतात. तिने आजच उतरवून घ्यावेत आणि 'मोदक'सारख्या गुबगुबीत अक्षरात आतल्या पोकळ्या किती बारीक उरतात ते बघावं. पुढे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात कम्युनिकेशन डिझाइनचं एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर शिक्षण आहे. त्यासाठी सीड ही परीक्षा असते, जानेवारीत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही ती देता येते.

त्याआधी एक काम तुमच्या हातातलं आहे. पुढच्या सुट्टीत तिला सोळा पानांचा एक फर्मा द्या. पतसंस्थेचा अहवालच द्या, नाक मुरडेल तरी द्या. आकड्यांचे तक्ते, संचालकांची नावं, अध्यक्षांचं लांबलचक मनोगत, सगळं तिने लावायचं. काळ्या पट्टीत आठ पॉइंटची पांढरी अक्षरं टाकेल तेव्हा थांबवू नका. मॅपलिथो कागदावर छापून येऊ दे, शाईने वेलांट्या बुजलेल्या तिच्या डोळ्यांनी पाहू दे. पडद्यावर हे दिसत नाही आणि पुण्यातल्या तिच्या मैत्रिणींपैकी फार थोड्यांच्या घरी मशीन असेल. मुलाखतीला जाताना तो अहवाल 'तडा'च्या शेजारी ठेवावा. कामावर ठेवणारा माणूस दोन्ही बघतो, आणि बहुतेक वेळा आधी अहवालच उलटतो.

तिच्या पानांवर मी पेन्सिलीने खुणा करून परत पाठवतोय. तुम्ही लाल पेनाने प्रूफ तपासा, अगदी गिऱ्हाइकाचं तपासता तसं. शीर्षकाला मात्र हात लावू नका.