२,१४,७४,८३,६४७ मूळ (अविभाज्य) असूनही जावातला प्रोग्राम तिला संयुक्त का ठरवतो?

प्रोग्राम n या संख्येला २ पासून चढत्या i ने भागून पाहतो, i चा वर्ग n पेक्षा मोठा होईपर्यंत; कुठे बाकी शून्य आली की n संयुक्त. गणित बरोबर आहे, घोटाळा लूपच्या अटीत आहे. ही संख्या म्हणजे २^३१ − १, आणि ३२ बिटच्या इंटमध्ये (जावातला पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) मावणारी सर्वांत मोठी किंमतही तीच. त्यामुळे i*i <= n ही अट कधीच खोटी होत नाही. ४६,३४१ चा वर्ग इंटमध्ये मावत नाही, तो ऋण होतो आणि लूप चालूच राहते. शेवटी i स्वतः n इतका होतो, बाकी शून्य येते आणि 'संयुक्त' असे उत्तर मिळते. i लाँग (६४ बिटचा पूर्णांक) घ्या किंवा i <= n/i असे लिहा.

ती मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये कागदावरच दाखवले. मर्सेन संख्येचा, म्हणजे २^p − १ चा, घातांक p विषम मूळ असेल तर तिचा प्रत्येक मूळ विभाजक २kp + १ या रूपात (k पूर्णांक) असतो, शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. इथे p = ३१, म्हणून २४८k + १ आणि २४८k + ६३ एवढेच उमेदवार. वर्गमूळ सुमारे ४६,३४०.९५, तिथपर्यंत ते ३७३च भरतात, त्यातलेही संयुक्त गाळता येतात.

घातांक मोठा असेल तर ल्युका-लेमर चाचणीच घ्या: ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, मग मर्सेन संख्येने भागून बाकी. p − २ फेऱ्यांनंतर शून्य आले तर मूळ. ३१ या मर्सेन संख्येसाठी (p = ५): ४, १४, ८, ०. वर्गासाठी दुप्पट बिट लागतात, हे इथेही विसरू नका.