६४ मिलिग्रॅम, दहा हजार रुपये आणि न्याय्यतेचा प्रश्न

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जेवणाबरोबर स्ट्राँग बिअरची एक बाटली घेतली, सुमारे दीड तासाने गाडी काढली, गाडी व्यवस्थित चालवत होतो, कोणाला साधा धक्काही लागला नाही, तरीही नाकाबंदीत यंत्राने ६४ हा आकडा दाखवला, परवाना जमा झाला आणि आता न्यायालयात दहा हजार रुपये भरावे लागणार. अपघात झालेलाच नसताना शिक्षा करणारा हा कायदा अन्यायकारक नाही का?

मी पुण्यात फौजदारी वकिली करतो आणि अशा खटल्यांत चालकाच्याच बाजूने उभा राहतो, त्यामुळे माझे उत्तर कदाचित आपल्याला आवडणार नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा मला अन्यायकारक वाटत नाही. माझी तक्रार आहे ती दंडाच्या रचनेबद्दल आणि रस्त्यावर पुरावा ज्या ढिसाळपणे गोळा केला जातो त्याबद्दल.

आधी आपल्या आकड्याविषयी. ६५० मिलिलिटरच्या, आठ टक्के मद्यार्काच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे प्रमाण ढोबळमानाने ८५ च्या आसपास जाते, आणि शरीर ते ताशी साधारण १५ या गतीने कमी करते. दीड तासात बावीस-तेवीस वजा केले की उरतात साठ-पासष्ट. जेवण, वजन, वय यांनी हिशेब मागेपुढे होतो, परंतु यंत्राने आपल्याविरुद्ध खोटी साक्ष दिली असे या आकडेमोडीवरून तरी दिसत नाही. ‘एकच बिअर’ या शब्दांत जो निरुपद्रवीपणा वाटतो तो बाटलीवरील टक्केवारी वाचली की टिकत नाही.

आता ‘गाडी नीट चालवत होतो’ या मुद्द्याकडे येतो. हा बचाव एकेकाळी कायद्यातच होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली, चालक वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ व्हावा इतका दारूच्या अमलाखाली होता, हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागत असे. ते सिद्ध कशाने करणार? तोंडाला येणारा वास, झोकांड्या देणारी चाल, अडखळणारे बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या, म्हणजेच हवालदाराने आणि डॉक्टराने डोळ्यांनी पाहिलेली लक्षणे. मुंबई दारूबंदी कायद्याखालच्या बच्चूभाई हसनअली कार्याणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये स्पष्टच सांगितले की केवळ अशा लक्षणांवरून मद्यपान सिद्ध झाले असे मानता येत नाही. १९८८ च्या नव्या कायद्यातील, दारू पिऊन गाडी चालवण्याविषयीचे कलम १८५ मुळात दुसऱ्या टोकाचे होते; त्याने रक्तात मद्यार्क ‘कितीही अल्प’ प्रमाणात आढळला तरी तो गुन्हा ठरवला. १९९४ च्या दुरुस्तीने त्याजागी ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणली. आज जिला आपण कडक म्हणतो ती मर्यादा मूळच्या कलम १८५ पेक्षा सौम्य आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

वकील म्हणून मला आकडा बरा वाटतो, कारण आकड्याशी वाद घालता येतो. साहेबांना वाटले की हा पिऊन आहे, यावर उभ्या राहिलेल्या खटल्यात आरोपीची भिस्त साहेबांच्या मर्जीवर असते. यंत्राचा क्रमांक, चाचणीची वेळ आणि तपासणीचे प्रमाणपत्र मात्र मला मागून घेता येते आणि त्यावर उलटतपासणी करता येते.

राहिला प्रश्न ३० च का, हा. इंग्लंडमध्ये १९६७ पासून मर्यादा ८० आहे, स्कॉटलंडने ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये ५० वर आणली, अमेरिकेतील राज्यांत ती ८० असून एकट्या यूटामध्ये ५० आहे, तर स्वीडनमध्ये २०. या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास १९६२-६३ मध्ये अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी केला; श्वासावरून मद्यार्क मोजणारे यंत्रही १९५४ मध्ये त्यांनीच तयार केले होते. अपघातात सापडलेल्या चालकांची तुलना त्यांनी त्याच ठिकाणांवरून सुखरूप गेलेल्या चालकांशी केली, तेव्हा ८० च्या पुढे धोका झपाट्याने वाढतो असे दिसले. गंमत अशी की अगदी कमी प्रमाणात धोका किंचित घटल्यासारखाही दिसला आणि पिणाऱ्यांनी तो भाग आजवर जपून ठेवला आहे. वय आणि पिण्याची सवय लक्षात घेऊन तीच माहिती पुन्हा तपासली गेली, तेव्हा ती घट नाहीशी झाली. तरीही ३० ते ५० हा पट्टा वादाचा आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. ज्या रस्त्यांवर दुचाकी, पादचारी, हातगाडी आणि उलट्या बाजूने येणारा टेम्पो एकाच वेळी सांभाळावा लागतो, तेथे कायद्याने खालची मर्यादा धरली तर मी तिला विरोध करणार नाही. आपले ६४ तर त्या पट्ट्याच्याही वर आहेत.

माझी खरी तक्रार पुढे सुरू होते. आपल्या कायद्यात ३१ आणि २०० यांना एकच कलम आणि एकच दंड आहे. जर्मनीत ५० ओलांडणे हा प्रशासकीय दंडाचा विषय असतो आणि ११० पासून ते फौजदारी गुन्हा धरले जाते; स्वीडनमध्येही १०० च्या पुढे गुन्ह्याची तीव्र श्रेणी लागू होते. आपल्याकडे अशी पायरी नाही. शिवाय १ सप्टेंबर २०१९ पूर्वी पहिल्या गुन्ह्याला ‘दोन हजार रुपयांपर्यंत’ दंड होता, म्हणजे दंडाधिकाऱ्यांना समोरचा माणूस पाहून रक्कम ठरवता येत असे. दुरुस्तीने तेथे ‘दहा हजार रुपये’ असे शब्द घातले आणि ‘पर्यंत’ हा शब्द गेला. सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दहा हजार, किंवा दोन्ही. एकदा एकाच सकाळी माझ्यापुढे दोन पक्षकार होते: एक भाड्याची रिक्षा चालवणारा, दुसरा दोन मोटारींचा मालक. दुसऱ्याने पावती घडी करून खिशात ठेवली. पहिल्याने ती रक्कम भरण्यासाठी घरातले सोने गहाण टाकले, आणि परवाना निलंबित असल्यामुळे कमाईही बंद झाली. फिनलंडमध्ये अशा गुन्ह्यांचा दंड माणसाच्या दैनिक उत्पन्नावरून ठरवतात. आपण निदान तो ‘पर्यंत’ परत आणावा एवढीच माझी अपेक्षा आहे.

दुसरी तक्रार पुराव्याची. कलम २०३ नुसार श्वासचाचणी घ्यायची तर गणवेशातील अधिकाऱ्याला संशयाला वाजवी कारण असले पाहिजे. प्रत्यक्षात नाकाबंदीत येईल त्याला फुंकायला लावतात. अटक झाल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, अन्यथा सोडून दिले पाहिजे, असे कलम २०२ सांगते, आणि रक्ताचा नमुना घेण्याची तरतूद कलम २०४ मध्ये आहे. बहुतेक यंत्रे श्वासातील मद्यार्काला २१०० किंवा २३०० ने गुणून रक्तातील प्रमाण काढतात, पण हे गुणोत्तर प्रत्येक शरीरात तेवढेच नसते. ३१-३५ आलेल्या माणसासाठी रक्ततपासणी म्हणूनच महत्त्वाची ठरते.

आणि रक्ताचा नमुना तरी किती निर्धोक आहे? १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला त्याची चर्चा देशभर झाली, परंतु मला त्याहून गंभीर वाटला तो रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप, ज्यात डॉक्टरांना अटक झाली. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मेले, त्या परेरा खटल्यात चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला होता. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. रक्ताची ती बाटली जागेवर राहिली नसती, तर नशेचा मुद्दा पुन्हा वास आणि चाल यांच्यावरच येऊन ठेपला असता.

आपल्या खटल्यापुरते सांगायचे तर हा गुन्हा चौकात पावती फाडून मिटवता येत नाही, न्यायालयात जावेच लागते. ६४ चे ३० व्हायचे तर आपले श्वास आणि रक्त यांचे गुणोत्तर २१०० ऐवजी हजाराच्या आसपास असावे लागेल, त्यामुळे त्या मुद्द्यावर लढा असा सल्ला मी देणार नाही. मात्र कबुली देण्याआधी यंत्राची छापील पट्टी, तिच्यावरील वेळ व क्रमांक आणि यंत्राच्या तपासणीचे प्रमाणपत्र पाहायला मागा, कारण कबुली ही दोषसिद्धीच असते आणि पुन्हा सापडल्यास दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, लागू होते. कागद नीट असतील तर पहिल्याच तारखेला दंड भरून परवान्यासाठी अर्ज करा. वेळ किंवा यंत्राचा क्रमांक जुळत नसेल तर मात्र कबुली न देता पुढची तारीख मागून घ्या.