तिचं परतणं, तुझं जाणं

सप्रेम आशीर्वाद,

बायकोच्या देशात मुलांसह राहायला जाण्याबद्दलचं तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही सावकाश वाचलं. सामान जहाजाने पाठवायचं की विमानाने, थोरलीला वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत घालायचं का, धाकट्याच्या लसी, भाड्याचं घर की सासू-सासऱ्यांचा वरचा मजला. सगळं नीट मांडलं आहेस. पण चार पानांत तू स्वतः कुठे दिसला नाहीस. आणि एक वाक्य तू तीनदा लिहिलं आहेस: "आम्ही तिच्या घरी परत जातोय."

ती परत जाते आहे. तू जातो आहेस. मुलांना तर आपण कुठून निघालो हेसुद्धा पुढे नीट आठवणार नाही. एकाच विमानात बसलात तरी प्रवास तिघांचे तीन तऱ्हेचे आहेत. हे तुम्हा दोघांना आत्ताच उमगलं, तर पुढची निम्मी भांडणं होणारच नाहीत असं मला अनुभवाने वाटतं.

मी 1991 साली नवऱ्याच्या देशात गेले, तीन वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचा मुलगा घेऊन. भाषा चार महिने शिकले होते. दुकानात, बसमध्ये निभावत होतं. दुसऱ्या महिन्यात नवरा कामासाठी बाहेरगावी गेला आणि त्याच रात्री मुलाला ताप चढला. तो सारखा कान ओढत होता, उशीवर पू दिसला. मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती आणि मला "कान" हा शब्द येत होता, "पू" येत नव्हता, "कधीपासून" कळत होतं पण उत्तर जुळवता येत नव्हतं. शेवटी तिने पत्ता विचारला. आमच्या रस्त्याचं नाव मी तीनदा सांगितलं, तिला एकदाही कळलं नाही. मुलाला कडेवर आणि मुलीला झोपेत हाताला धरून मी शेजाऱ्यांचं दार वाजवलं. पुढे सगळं ठीक झालं. पण आपल्या घराचा पत्ता आपल्याला सांगता येत नाही, ही गोष्ट मी आजवर विसरले नाही.

म्हणून भाषेची सुरुवात दुखण्याखुपण्यापासून कर. शरीराचे अवयव, ताप, उलटी, पुरळ, श्वास लागणं, औषधाची ॲलर्जी, आणि स्वतःचा पत्ता व फोन नंबर तिथल्या लोकांना कळेल अशा उच्चारात. हे बायकोकडून म्हणून घे, ती हसली तरी चालेल, शंभरदा म्हण. नमस्कार-चमत्काराची भाषा लोक तुला आपोआप शिकवतील.

त्या रात्रीमागचं खरं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. पहिले दोन महिने माझं सगळं बोलणं नवऱ्यातून जात होतं. बँकेत प्रश्न मी विचारायची, उत्तर त्याच्याकडे बघून दिलं जायचं. शाळेतल्या बाई दहा मिनिटं बोलायच्या आणि तो मला तीन वाक्यांत सांगायचा. तो प्रेमानेच करत होता, मी दमले आहे म्हणून करत होता. पण दुभाष्याची सवय दोघांनाही लागते. जो बोलतो तो हळूहळू ठरवायलाही लागतो, आणि जो गप्प असतो त्याची चिडचिड भलत्याच गोष्टीवर निघते. तुमच्या घरी ही गप्प राहणाऱ्याची जागा तुझ्या वाट्याला येणार आहे. इथे तू कर्ता आहेस, सगळ्यांची कामं तुझ्या एका फोनवर होतात, त्यामुळे तुला हे माझ्यापेक्षा जास्त लागेल.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत, पण तेच चालतात. पहिल्या महिन्यात बँकेचं खातं तुझ्या स्वतःच्या नावाने उघड. घराच्या करारावर तुझीही सही असू दे. वाहन परवाना तिथे बदलून मिळतो की परीक्षा द्यावी लागते, हे आधीच बघून ठेव. धाकट्याची डॉक्टरकडची एक तरी खेप तू एकट्याने कर, अर्धवट समजलं तरी. आणि जोडीदाराच्या व्हिसाबद्दल दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घे. पहिला, मला कामाची परवानगी पहिल्या दिवसापासून आहे का? काही देशांत असते, काही देशांत वेगळा अर्ज करावा लागतो. दुसरा, राहण्याचा हक्क लग्नावर किती वर्षं अवलंबून राहतो आणि माझ्या स्वतःच्या पायावर कधी उभा राहतो? हा दुसरा प्रश्न विचारताना तुला अपराधी वाटेल. वाटलं तरी विचार, आणि तिच्यासमोर विचार. तुझी पदवी परवाना लागणाऱ्या व्यवसायाची असेल, म्हणजे वैद्यकी, शिक्षकी, वकिली असं काही, तर तिथल्या मान्यतेचा अर्ज निघण्याआधीच टाक. त्यात महिने जातात, आणि त्या काळात घरी रिकामं बसलेल्या माणसाचं मन पोखरलं जातं.

कागदांबद्दल थोडक्यात. लग्नाचा दाखला, दोन्ही मुलांचे जन्मदाखले आणि तुझी प्रमाणपत्रं यांच्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारा सरकारी शिक्का, करून घे. 1961 च्या हेगच्या कराराने ही पद्धत आली आणि आता सव्वाशेच्या आसपास देश त्यात आहेत; चीन 2023 च्या नोव्हेंबरात आला, कॅनडा 2024 च्या जानेवारीत. तुमचे दोन्ही देश त्यात असतील तर एका शिक्क्यावर भागतं, नसतील तर वकिलातीच्या खेपा आल्या. भाषांतर मात्र बऱ्याच देशांत तिथल्या अधिकृत अनुवादकाचंच चालतं, विचारल्याशिवाय इथलं करून नेऊ नकोस. जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला, सविस्तर घे. आणि मुलांची नावं सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर एकसारखी आहेत का, ते आज रात्रीच बघ. एका पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर दुसरं, एवढ्यावरून विमानतळावर तासन्‌तास अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. नागरिकत्वाचंही असंच. दोन नागरिकत्वं सगळेच देश चालवून घेत नाहीत, आणि ज्यांच्यात ते वारशाने मिळतं त्यांतल्या काहींत ते आपोआप एकाच पिढीपुरतं उतरतं. ब्रिटनचा नियम साधारण असाच आहे. आज थोरली सहा वर्षांची आहे, पण प्रश्न तिच्या मुलांचा आहे.

लसींची नोंदवही हातातल्या सामानात ठेव. प्रत्येक देशाचं वेळापत्रक वेगळं असतं. क्षयाची बीसीजी लस कुठे जन्मल्याबरोबर सगळ्यांना देतात, कुठे सरसकट देतच नाहीत. तिथल्या डॉक्टरला नोंद दिसली नाही तर लेकराला पुन्हा टोचतील. आणि सरकारी आरोग्यसेवा लागू होईपर्यंत काही ठिकाणी मुदत असते, तेवढ्या काळाचा विमा इथूनच काढ.

आता मुलांची भाषा. यावर तू दोनच ओळी लिहिल्या आहेस, "मुलं काय, पटकन शिकतात." धाकटा शिकेल. थोरलीचं थोडं ऐक. खेळापुरतं बोलणं मुलांना दोनेक वर्षांत जमतं, पण वर्गात विज्ञान-इतिहास वाचून समजण्याइतकी भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. जिम कमिन्स या अभ्यासकाने हा फरक 1970 च्या दशकाच्या शेवटी दाखवून दिला आणि तेव्हापासून शिक्षक त्याचा आधार घेत आले आहेत. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत थोरली मैत्रिणींशी भराभर बोलताना दिसेल, तुम्ही निर्धास्त व्हाल, आणि तिसरी-चौथीत ती अभ्यासात मागे पडल्यासारखी वाटेल. तेव्हा तिला रागावू नका. सुरुवातीचे काही महिने ती वर्गात गप्पही बसेल. माझी मुलगी पाच महिने शाळेत एक शब्द बोलली नाही. मग एका दिवशी अख्खं वाक्य घेऊन घरी आली.

तिथली भाषा तिला येणारच आहे. धोका तुझ्या भाषेला आहे. फ्रान्समध्ये ज्यूल रोंजा नावाच्या माणसाने 1913 मध्ये आपल्या मुलाच्या दोन भाषांची नोंद प्रसिद्ध केली. वडील फ्रेंचच बोलायचे, आई जर्मनच, दोघांनीही नेम मोडला नाही. एका पालकाची एक भाषा हा सल्ला तिथून घरोघरी पोचला. पण त्या घरी बाहेरची भाषा वडिलांची होती आणि आईची भाषा घरात भरपूर होती. तुमच्याकडे बाहेर तिची भाषा, आजी-आजोबांकडे तिची भाषा, शाळेत तिची भाषा, आणि तुझी भाषा बोलणारा तू एकटा. तू संध्याकाळी तासभर भेटणारा बाप झालास तर ती टिकणार नाही. मी इथे चुकले. पहिल्या काही वर्षांत मुलं त्यांच्या शाळेच्या भाषेत उत्तर द्यायची आणि मलाही सराव हवा होता, म्हणून मीही त्याच भाषेत बोलत गेले. आज माझा मुलगा माझं बोलणं समजतो, पण उत्तर देत नाही. माझ्या आईशी तो शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलू शकला नाही. तू मुलांशी बोलताना तुझी भाषा सोडू नकोस, चारचौघांत अवघड वाटलं तरीही.

तुझ्या बायकोबद्दलही लिहायचं आहे, कारण सगळं लक्ष तुझ्याकडे आणि मुलांकडे जाईल. परतणाऱ्याचं दुःख कोणी धरत नाही. ती ज्या देशातून निघाली तो देश नऊ वर्षांत पुढे गेला, मैत्रिणी आपापल्या संसारात आहेत, आणि आईवडिलांच्या घरी पाऊल टाकताच ती पुन्हा लेक होणार. तुला परका म्हणून चार चुका माफ होतील. तिला एकही होणार नाही. त्यात तुझी भाषा, तुझे फॉर्म, तुझी उदासी हे सगळं तिच्या खांद्यावर. माझ्या नवऱ्याने मला दहा वर्षांनी सांगितलं की परतल्यावरचं पहिलं वर्ष त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात एकाकी वर्ष होतं. मी त्याला तेव्हा विचारलंच नव्हतं. वरच्या मजल्याचा प्रश्नही मी यातूनच बघते. सासू-सासरे कितीही भले असोत, भाड्याचं छोटं घर घ्या.

सगळ्यात अवघड ते आता. तू लिहिलंस, "दोन वर्षं बघू, नाही जमलं तर परत येऊ." मुलांच्या बाबतीत हे वाक्य दिसतं तितकं सोपं नाही. 25 ऑक्टोबर 1980 चा हेगचा एक करार आहे, शंभरावर देश त्यात आहेत. 16 वर्षांखालच्या मुलाला एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशातून हलवलं, तर मुलाला आधी तिथे परत पाठवायचं आणि ताब्याचा निर्णय तिथल्या कोर्टाने करायचा, असा त्याचा गाभा. सुट्टीला म्हणून नेऊन परत न आणणं हेही त्यातच धरतात. परत न पाठवण्याची कारणं आहेत, पण थोडी आणि कडक. आणि नेहमीचं वास्तव्य म्हणजे कोणता पासपोर्ट हे नव्हे. मूल कुठे शाळेत जातं, कुठे रुळलं आहे, हे कोर्ट बघतं. म्हणजे तुमचे दोन्ही देश त्यात असतील, आणि दोन वर्षांनी तुला परतायचं असेल पण तिला नसेल, तर तिच्या संमतीशिवाय तू मुलांना घेऊन निघू शकणार नाहीस. तिलाही उद्या दुसरीकडे जायचं असेल तर हेच लागू. यात अन्याय नाही, मुलांना ओढाताणीपासून वाचवण्यासाठीच हे केलेलं आहे. पण पाऊल टाकण्याआधी ते दोघांना माहीत हवं.

तेव्हा आत्ता, प्रेम भरपूर आहे आणि कोणी दुखावलेलं नाही तोवर, बसून लिहून काढा. किती काळासाठी जातो आहोत. पुन्हा विचार करायचा दिवस कोणता, तारखेसकट. एकाला राहायचं आणि दुसऱ्याला निघायचं असेल तर मुलं कुठे, आणि भेटी कशा, तिकिटं कोणाच्या खर्चाने. असा कागद कोर्टावर बंधनकारक असेलच असं नाही, म्हणून दोन्ही देशांतल्या कौटुंबिक वकिलांना एकदा दाखवा. तरी मी त्याला मोल देते, कारण लिहिताना तुम्ही एकमेकांना जे सांगाल ते एरवी सांगणार नाही. आम्ही असं काही लिहिलं नव्हतं. चौथ्या वर्षी माझी आई आजारी पडली आणि मी मुलांना घेऊन सहा महिने जायचं म्हटलं, तेव्हा आमच्या घरात जे बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही.

त्याच बैठकीत मृत्युपत्रही करा आणि दोघांनाही काही झालं तर मुलांचे पालक कोण ते नाव घाला. देश बदलला की वारसाचा कायदाही बदलू शकतो. युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत 17 ऑगस्ट 2015 पासून, मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडलेला नसेल, तर साधारणपणे शेवटच्या वास्तव्याच्या देशाचा कायदा लागतो. करांचंही विचारून घ्या. वर्षात 183 दिवस ही सीमा अनेक देशांत असते, पण तेवढ्यावर विसंबू नका.

रविवारी फोन कर. ती शेजारी असू दे, आणि हे पत्र तिला आधी वाचून दाखव, भाषांतर करताना काहीही गाळू नकोस. तू नंतर बोल. परतताना तिला कशाची भीती वाटते आहे, ते मला आधी तिच्याकडून ऐकायचं आहे.

तुझी,
मावशी